उंदराला अण्णांचा स्वेटर

पेंढामावशी समोर आलेल्या माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी त्याचे कपडे बघायची. तेही कापड भारी की हलकं हे बघायला नव्हे. त्यात काय काय मावेल हे बघायला. पेणला आमच्या आळीतल्या एका लग्नात नवरदेव सुटाबुटात मांडवात शिरला. सगळ्या बायका त्याचा रुबाब बघत होत्या आणि ही माझ्या आईच्या कानाला लागली, "कोटाच्या बाह्यांत दोन-दोन पेले, पाठीत आरसा. पँट काय कामाची नाय गो, लय तंग." आईला हसू आवरेना. मंगलाष्टकं संपली तरी तिच्या अक्षता मुठीतच राहिल्या.

ती गणपतीच्या कारखान्यात मूर्ती बांधायची. रंगून तयार झालेल्या मूर्तीभोवती भाताचा पेंढा लावून ती खोक्यात अशी बसवायची, की गाडी कितीही आपटली तरी देवाच्या बोटाला धक्का लागू नये. म्हणून ती पेंढामावशी. नवराही त्याच कारखान्यात होता. तो उंदीर करायचा. गणपती घडवणारे वेगळे, डोळे आखणारे वेगळे; हा जन्मभर फक्त उंदीर. तो गेला त्याच्या आदल्या वर्षी त्याने उरल्यासुरल्या शाडूचा एक उंदीर खास मावशीसाठी केला होता. मागच्या पायांवर उभा, हातात लाडू, आणि तोंडभर हसणारा. "अगदी ह्यांच्यासारखा हसतो," मावशी म्हणायची आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसायची. कच्च्या मातीचा तो उंदीर तिच्या फळीवर देवांच्याही वरच्या जागी उभा असे.

आळीत कोणाचंही बिऱ्हाड हललं की बांधायला मावशीच. घराच्या सामानाला मात्र ती पेंढ्याची काडी लावत नसे. "पेंढा देवाला. मानसाच्या भांड्याला मानसाचंच कापड पायजे," असा तिचा कायदा होता. आणि कपडेही धुऊन घडी घातलेले चालायचे नाहीत. "घडीचं कापड घसरतं गो. अंगावर मुरलेलं दे, ते धरून ठेवतं." त्यामुळे ज्याच्याकडे मावशी येणार त्याच्याकडे आठवडाभर धुणं बंद. कोणाच्या दोरीवर कपडे दिसेनासे झाले, की हे आता पेण सोडणार हे अख्ख्या आळीला कळायचं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रोह्याला बदली झाली तेव्हा आमच्याही दोऱ्या अशाच मोकळ्या झाल्या. मावशी सकाळीच आली आणि घराच्या मधोमध बसकण मारून एकेक मागू लागली. माझ्या शाळेच्या मोज्यांत पेले गेले. आईच्या पोलक्यांच्या बाह्यांत कप गेले, एका बाहीत एक. अण्णांच्या पायजम्याला गुडघ्याशी गाठ मारून त्यात तेलाच्या बाटल्या उभ्या राहिल्या. आईचा शालू आरशाला नेसवला, तोही निऱ्या घालून. प्रत्येक खोकं भरलं की मावशी ते जरा हलवायची, मग डोळे मिटून त्याला कान लावायची. "फुटलेलं बोलतं," ती मला म्हणाली. "खुळखुळ करतं. अख्खं असलं की गप बसतं." मग मान डोलवून जाहीर करायची, "हाय. अख्खं हाय."

शेवटी लोणच्याची बरणी उरली आणि कपडे संपले. मावशीने घरभर नजर फिरवली आणि ती अण्णांवर येऊन थांबली.

"भावोजी, तुमची पँट."

"अहो मावशी, ही अंगात आहे माझ्या!"

"तेच म्हंते. मुरलेली हाय."

अण्णा आईकडे बघू लागले. आईने बरणीकडे बघितलं. त्यात तिच्या माहेरच्या कैऱ्या होत्या. पाच मिनिटांनी अण्णा दाराआडून शेजाऱ्यांची लुंगी गुंडाळून बाहेर आले आणि त्याच अवतारात टेम्पोत चढले. रोह्याला उतरल्यावर नव्या घरमालकांनी त्यांच्या हातात एक खोकं दिलं आणि विचारलं, "तुमचे साहेब मागून येतायत काय?"

दुसऱ्या दिवशी अण्णांना नव्या कचेरीत हजर व्हायचं होतं. सकाळी उठून बघतो तर त्यांची एकही पँट सापडेना, कारण कुठल्या खोक्यात काय हे लिहून ठेवायची मावशीची पद्धतच नव्हती. आम्ही सगळी खोकी उपसली. एका पँटमध्ये खलबत्ता निघाला, एकीत देव. खलबत्त्याने त्या पँटला असा काही बाक आणला होता की ती नुसती ठेवली तरी बसल्यासारखी दिसायची, आणि देवांच्या पँटला निरांजनातलं तूप लागलेलं. राहिली बरणीची. ती चढवून अण्णा धावत गेले. संध्याकाळी परत आले ते हसतच. साहेबांनी म्हणे कागद बाजूला ठेवून दोनदा नाक वर केलं आणि विचारलं, "काय हो, लोणचं घरचं का?" दुसऱ्या दिवशी अण्णा डब्यात साहेबांसाठी फोड घेऊन गेले. त्या कचेरीत त्यांचं कधी कोणाशी वाकडं आलं नाही याचं श्रेय ते शेवटपर्यंत त्या बरणीला देत. आणि हो, आमचा एक कपही फुटला नव्हता.

पुढे काही वर्षांनी मावशीवरच ती वेळ आली. तिची लेक सुलभा लग्न होऊन रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमीला राहत होती. जावई कंपनीत शिफ्टला जायचा, घरात लहान मूल. सुलभाने आईला कायमचं बोलावून घेतलं. मावशीचा आईला निरोप आला, "सामान बांधायचंय, पण बांधायला कापड नाय. दोन लुगडी, त्यातलं एक अंगावर." जिने गावाची बिऱ्हाडं बांधली तिच्याकडे स्वतःचं बिऱ्हाड बांधायला चिंधी नव्हती. आई तो निरोप ऐकून आधी हसली आणि मग रडली. मग तिने आमच्या घरातलं धुणं आठ दिवस बंद ठेवलं.

थंडीचे दिवस होते. आम्ही तिघं न धुतलेल्या कपड्यांची दोन बोचकी घेऊन रोह्याहून पेणच्या गाडीत बसलो. पेणच्या पुढे जित्याला जाणारे एक आजोबा समोर बसले होते. त्यांनी बराच वेळ नाक मुरडून अखेर अण्णांना विचारलं, "धोबी काय तुम्ही? शर्टाचं काय घेता?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "इस्त्रीसकट की नुसतं?" आई खिडकीबाहेर तोंड करून हसत राहिली.

मावशीचं सामान बांधायला तासही लागला नाही. फळीवर उंदीर तेवढा राहिला. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली, हात पुढे केला आणि मागे घेतला. इतके गणपती बांधलेली ती बाई पदराला हात पुसत राहिली. "माझा हात लागायचा नाय त्याला," ती आईला म्हणाली. "ह्यांचं तेवढंच उरलंय गो. तू बांध."

आईच्या कपाळावर थंडीत घाम आला. तिने उंदराला आधी अण्णांच्या जुन्या बनियनमध्ये घेतलं, त्यावर माझा फ्रॉक, त्यावर एक टॉवेल. तरी तिचं समाधान होईना. मग तिने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी अंगातला स्वेटर काढून दिला. त्यावर आईने परकराची नाडी बांधून तिची ती डावखुरी, कोणालाच न सुटणारी गाठ मारली. लोकांच्या घरी उंदीर स्वेटर कुरतडतात, आमच्याकडे उंदीर तो घालून बसला.

टेम्पोत आईने ते गाठोडं मांडीवर घेतलं ते घेतलंच. खड्डा आला की स्वतः उडायची, गाठोडं छातीशी. कोलाडला ड्रायव्हर भजी खायला थांबला. अण्णा थंडीने कुडकुडत तीन चहा प्यायले, पण आई खाली उतरली नाही. मी तिला भजी भरवली. पूल ओलांडून अष्टमीला पोचलो तेव्हा तिचे पाय इतके बधिर झाले होते की तिला गाठोड्यासकट उतरवून घ्यावं लागलं.

मावशीने गाठोडं हातात घेतलं, हलकेच हलवलं आणि डोळे मिटून कान लावला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, जणू मॅट्रिकचा निकाल लागायचाय. मग मावशीने डोळे उघडले आणि हसली.

"हाय. अख्खा हाय."

आईने आनंदाने तिला मिठीच मारली. अण्णा म्हणाले, "आता माझा स्वेटर?" मावशीने गाठोडं उंच फळीवर ठेवलं. "राहू दे भावोजी. ऊब लागलीय त्याला."

ते गाठोडं मग तसंच राहिलं. दर हिवाळ्यात अण्णा अष्टमीला गेले की स्वेटर मागायचे आणि मावशी म्हणायची, "थंडी तुम्हाला जास्ती का त्याला?" आई खाली उतरवून बघू म्हणाली तर तिचा हात बाजूला सारायची. आणि आलेल्यागेलेल्याला ऐकवायची, "हिने आणला पेणहून, मांडीवर. मलाही जमलं नसतं." आईला ते ऐकून काय वाटायचं ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलंय. पुढे रोह्यात कोणाचं बिऱ्हाड हललं की लोक आईला बोलवायला लागले, आणि तीही ऐटीत विचारायची, "धुणं बंद केलंत ना?"

अण्णा गेले, आणि काही वर्षांनी मावशीही गेली. दिवसपाणी झाल्यावर सुलभाने ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "तुझ्या वडलांचा स्वेटर हाय. आय कोनाला हात लावू देत नव्हती." गाठ आईचीच होती, जशीच्या तशी. मला ती सोडवायला अर्धा तास लागला. आतून आधी राखाडी मातीचा भुगा सांडला, मग एक कान, शेपटीचे तुकडे, लाडवाचा हात. मुंडकं तेवढं धड होतं आणि ते तोंडभर हसत होतं.

म्हणजे मावशीला त्याच दिवशी ऐकू आलं होतं. जन्मभर फुटक्याचा आवाज ओळखलेल्या बाईने नवऱ्याचा उंदीर फुटलेला ऐकला आणि आईकडे बघून हसली. मी तिथेच, सुलभाच्या ओटीवर बसून रडले. मग सगळं पुन्हा होतं तसं बांधलं आणि पूल ओलांडून चालत रोह्याला आले.

गुडघ्यांमुळे आई हल्ली खुर्चीतच असते. माझ्या हातातला स्वेटर बघून तिने दोन्ही हात पुढे केले, पण मी गाठोडं दिलं नाही.

"कसा आहे गं तो?" तिने विचारलं.

मी गाठोडं हलकेच हलवलं, डोळे मिटले आणि कान लावला. आत खुळखुळ झाली.

"हाय," मी म्हटलं. "अख्खा हाय."

"असणारच," आई म्हणाली. "मांडीवरून उतरवलाच नव्हता मी."