बशीवरची नजर

आमच्याकडे चहा बशीतच प्यायचे, आणि वडिलांची बशी हिंदकळायला लागली तेव्हा मी भोकरदनला शाळेत होतो. त्यांचे हात मध्येच झटका देत, चालताना पाय भलतीकडेच पडत. बाजारात लोक म्हणत, "दुपारीच टाकून आलेलं दिसतंय." वडिलांनी दारूला कधी हात लावला नव्हता. तरी ते झोपले की मी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघायचो. आईचा संशय भावकीवर. कुणीतरी करणी केली म्हणून तिनं त्या घरचं पाणीसुद्धा सोडलं.

थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी वडिलांना शेतावर धाडलं. पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं आधी पोरीला चालून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "चहा बशीत वत, अन् मला हातानं दे." म्हणजे आमच्याबद्दलची कुजबुज तिथवर पोचलीच होती. बहिणीची बशी जराही हलली नाही. सोयरीक जमली.

वडील गेले. पुढं काही वर्षांनी काकांचंही तसंच सुरू झालं, तेव्हा मी त्यांना औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वडिलांचं ऐकून आणि काकांचं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, दारू नाही, करणी नाही, एक जनुक बिघडलंय. बापाकडून लेकरात येतं किंवा येत नाही, छापा-काटा. "तुम्ही आणि बहीण, दोघंही तपासून घ्या."

"औषध आहे?"

"काही कॅन्सरांत आता बिघडलेल्या जनुकाचं कामच रोखणारं औषध लागू पडतंय. इथंही त्या जनुकालाच गप्प करायची खटपट चाललीय. कधी जमेल, सांगता येत नाही."

औषधाचा पत्ता नाही आणि रक्त मात्र आधी द्या! मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. बहिणीला सगळं सांगितलं, पण रक्त काही दिलं नाही. तिनंही नाही. त्यापेक्षा आपली नजर बरी, असं मला वाटायचं. ती दिवाळीला माहेरी आली की मी चहाचा ग्लास घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि तिची बशी बघायचो.

एका भाऊबीजेला तिनं बशी खाली ठेवली.

"काय बघून राह्यलास रे?"

"कुठं काय, आक्का."

"त्या म्हातारीनं एकदाच बघितलं. तू दरसाल बघून राह्यलास. आलं का ते जनुकाचं औषध?"

"न्हाई."

तिनं माझा ग्लास उचलला, त्यातला चहा स्वतःच्या बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं धरली. एक थेंब सांडला नाही.

"घे. तू कवापासून ग्लासात पिऊन राह्यलास?"

मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती बशी धरून तशीच थांबली होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.