वासराला न मिळालेली चिलीम

दिलेली वस्तू परत करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक आहेर फिरवतात, याच्या लग्नात आलेला टॉवेल त्याच्या लग्नात चिकटवतात. सासऱ्यांना असली लबाडी खपत नाही. ते वस्तू थेट देणाऱ्याच्या दारात आणून ठेवतात, बसून चहा मागवतात आणि तिच्यात काय खोट आहे ते घोटाघोटानं समजावून सांगतात. थोरल्या लेकाचं घड्याळ "रातभर टकटक करतंय, झोपू देत न्हाई" म्हणून परत गेलं. लेकीची, म्हणजे माझ्या बायकोची, शाल "लई मऊ हाय, अंगावर काही हाय का न्हाई तेच कळंना" म्हणून परत आली. माझी वस्तू मात्र कधीच परत आली नाही. एका दिवाळीला मी लोकरीचा स्वेटर दिला, तो ठेवून घेतला म्हणून महिनाभर छाती फुगवून फिरलो. पुढे पालीजवळच्या त्यांच्या शेतात गेलो, तर स्वेटर नव्या वासराच्या अंगात! "पावण्याची वस्तू परत करनं बरं दिसत न्हाई," सासरे म्हणाले. "अन् त्याला बसलाय बी झकास." खरंच बसला होता हो!

खरं दुखणं त्या 'पावण्या'त होतं. सासऱ्यांचा एक कायदा आहे: ज्याच्यावर जीव, त्याला 'बे'. लेकाला बे, बैलाला बे, सरपंचाला तर चारचौघांत बे. मला मात्र 'पावणं' आणि 'तुमी'. संध्याकाळी गोठ्यापुढच्या बाजेवर त्यांची मंडळी जमायची, चिलीम या हातातून त्या हातात फिरायची, हसण्याचा गदारोळ व्हायचा; आणि मी लांब प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात बशी आणि बशीत बिस्किटं. मान तर असा की आजारी माणसालाही कोणी इतकं जपत नसेल. "एकदा तरी मला बे म्हणावं यांनी," असं मी बोलून गेलो, तर बायकोनं कपाळाला हात लावला. "लोकाचे जावई मान मिळावा म्हणून रुसतात, अन् तुम्हाला अरेतुरे पाहिजे?" पाहिजे होतं. अगदी मनापासून पाहिजे होतं.

संधी आणली त्याच वासरानं. माझ्या स्वेटरवर पोसून ते दांडगं झालं आणि एके दिवशी सासऱ्यांच्या जुन्या मातीच्या चिलमीवर पाय देऊन मोकळं झालं. सासऱ्यांनी अन्नपाणी सोडलं नाही एवढंच. नव्या आणल्या त्या एकेक करून उकिरड्यावर गेल्या. मी लगेच पुण्याच्या मित्राकडून लाकडी, चकचकीत, बाकदार पाइप मागवला, सोबत डबीतली गोडसर वासाची तंबाखू. सासऱ्यांनी डबी हुंगली. "ही शिऱ्यात टाकायची का?" पाइप त्यांनी उलटसुलट पाहिला आणि "कामाची वस्तू हाय" म्हणून ठेवून घेतला. आठ दिवसांनी पाहिलं, तर दांडी वासराच्या तोंडात आणि वरच्या वाटीत एरंडेल! पोट साफ होत नव्हतं म्हणे.

मग मात्र मी इरेला पेटलो. बीडच्या आठवडी बाजारात कुंभारणीपुढं मांडी ठोकून बसलो. सासरे चिलीम कशी पारखतात ते खुर्चीतून वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. आधी नखानं टिचकी मारायची, आवाज खणखणीत यायला हवा. मग काठाला जीभ लावायची, चांगली भाजलेली माती जिभेला चिकटते. शेवटी रिकामीच ओढून बघायची, शीळ वाजली की कुठंतरी तडा, म्हणजे बाद. मी एकामागून एक चिलीम तोंडाला लावत सुटलो. "चिलीम घ्यायलाय का चाखायलाय?" कुंभारीण ओरडली. माझं औषधाचं दुकान, अर्धा बाजार माझं गिऱ्हाईक; बघ्यांची ही गर्दी! "काय मेडिकलवाले, खोकल्याचं औषध खपंना काय?" शेवटी एक सापडली. तंबाखूवाल्याकडं काळं पान हुंगलं आणि अशा शिंका सुटल्या की तो म्हणाला, "हीच न्या. अस्सल हाय."

मी पालीला पोचायच्या आत बातमी पोचलेली. सासूबाई दारात पदर डोळ्याला लावून उभ्या. "दूधवाल्यानं सांगितलं. भर बाजारात चिलमीवर चिलमी वढायलते म्हनं. माझ्या लेकीचं कसं व्हायचं!" मेव्हणा जमिनीकडं बघत होता. सासरे मात्र बाजेवर ताठ बसले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं कुतूहलानं बघत होते.

मी पुडकं पुढं केलं. त्यांनी टिचकी मारली. जीभ लावली. रिकामी ओढली. माझा जीव टांगणीला! शीळ वाजली नाही. पान हुंगलं, मान हलली.

"कोनी निवडून दिली?"

"मीच निवडली, आबा."

"तुमी तर वढत न्हाई. मग तुमाला कसं कळलं?"

"इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून तुमच्याकडंच तर बघायलोय."

ते बाजेवर सरकले, शेजारी थाप मारली आणि खेकसले, "मग हुभा कावून हायस? बस बे!"

"अवो, जावई हायेत ते!" सासूबाई किंचाळल्या.

"असू दे."

गुलाल असता तर मी स्वतःवरच उधळला असता. आणणाऱ्याचा पहिला झुरका असा तिथला रिवाज. त्या झुरक्यानं मी असा खोकलो की गोठ्यातलं ते वासरू दचकून उठलं. त्या खोकल्यातच मी बायकोला फोन लावला, "मला बे म्हणाले!"

यंदा डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि तंबाखू बंद सांगितली. त्यांनी एका दिवसात सोडली, कुरकुर नाही. पण एका सकाळी एसटीनं माझ्या दुकानात आले, चहा मागवला आणि फडक्यातून चिलीम काढून काउंटरवर ठेवली. "ही घे बे परत."

लेकालेकींसारखी माझीही वस्तू अखेर परत आली होती. आनंद व्हायचा सोडून मी तिला तिथंच टिचकी मारली. "काय खोट निघाली, आबा?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "हिच्यात न्हाई. माझ्यात निघाली."

मी ती घेतली नाही. फडक्यात बांधून पुन्हा त्यांच्या पिशवीत घातली. आता मी पालीला गेलो की संध्याकाळी ते बाजेवर चिलीम काढतात, सवयीनं खाली धूर गाळायचं ओलं फडकं गुंडाळतात, डोळे मिटून रिकामीच ओढतात आणि माझ्यापुढं धरतात.

"वढ बे. आत काय न्हाई."

मी ओढतो. अजून शीळ वाजत नाही.