टँकरच्या चाकोरीतले मामा

माझ्या बायकोचे सख्खे मामा हे कुवेतमधले सर्वांत भित्रे गृहस्थ होते असं म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. कारण उरलेल्या आखातातही त्यांच्या तोडीचा माणूस निघाला असता असं मला वाटत नाही. सलवा नावाच्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहत आणि लिफ्ट मध्येच अडकली तर काय घ्या म्हणून जिना चढत. जिन्यातला दिवा गेला तर काय घ्या म्हणून खिशात टॉर्च, आणि टॉर्चने दगा दिला तर काय घ्या म्हणून दुसऱ्या खिशात दुसरा टॉर्च. सिव्हिल आयडीची एक झेरॉक्स पाकिटात, एक गाडीत, एक ऑफिसच्या ड्रॉवरात आणि एक चक्क फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. 'घराला आग लागली तर फ्रीज सगळ्यात शेवटी जळतो,' असा त्यांचा अभ्यास होता. मामी सांगायच्या, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा नवऱ्यामुलाने भटजींना हळूच विचारलं होतं, होमाचा धूर बाहेर जायला वाट आहे ना.

असा माणूस पक्ष्यांचे फोटो काढायला वाळवंटात जाईल हे कुणाला खरं वाटणार? पण डॉक्टरांनी बीपीसाठी चालायला सांगितलं, सलव्याच्या रस्त्यांवर गाड्यांची भीती, समुद्रकाठी कुत्र्यांची. उरलं वाळवंट. पाऊस पडून गेला की फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे हिरवी लव फुटते, अर्फजच्या झुडपांवर पिवळी फुलं येतात आणि उत्तरेकडे निघालेले पक्षी दोन दिवस मुक्कामाला उतरतात. मामांनी हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेतला आणि दर शुक्रवारी सकाळी आम्हा बापलेकीला घेऊन ते जहराच्या पुढे, खाडीच्या बाजूला जाऊ लागले. माणसांचे फोटो ते काढत नसत; मागे एखादी सरकारी इमारत आली तर पोलीस धरतील ही धास्ती. 'मागे काय येतंय ते आपल्याला कळत नाही जावईबापू, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.' पक्ष्याच्या मागे साधा विजेचा खांब आला तरी तो फोटो पुसून टाकत. वेड्या राघूचे किती सुंदर फोटो या पायी गेले, सांगता सोय नाही.

पण त्यांची खरी भीती पायाखालची होती. जुन्या लढाईत त्या वाळूत सुरुंग पेरले होते. ते सगळे काढलेत, असं ज्याला विचाराल तो सांगे. मामा पडले अकाउंटंट. 'सगळे म्हणजे कितीपैकी किती?' एवढाच त्यांचा प्रश्न असे. म्हणून ते फक्त गाडीच्या चाकोरीतून चालत, तेही जड गाडीच्या. पाण्याच्या टँकरची चाकोरी मिळाली की त्यांचा चेहरा खुलायचा. पुढे मामा, मध्ये सात वर्षांची माझी लेक, मागे मी, अशी आमची वरात निघे. चार पावलांवर रणगोजा पक्षी बसलेला असला तरी चाकोरी सोडायची नाही. मी मनातल्या मनात हसायचो. एकदोनदा उघडही हसलो, ते आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्या शुक्रवारी चाकोरीच्या कडेला एक गंजका फलक पालथा पडला होता. त्यावर काय लिहिलंय ते बघायला जायची मामांची छाती नव्हती आणि मला गरज वाटली नाही. तेवढ्यात समोर एक चिखल्या उतरला. मूठभर पक्षी, एक पंख लोंबतोय, दोन पावलं खुरडत जातोय आणि पडतोय. मामा कॅमेरा लावेपर्यंत माझी लेक 'पप्पा, इट्स हर्ट,' म्हणून त्याच्यामागे पळाली. घरट्याजवळ कुणी आलं की हा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेतो, हे मामांना ठाऊक होतं, तिला नव्हतं. चाळीसेक पावलं नेऊन तो भुर्रकन उडून गेला. ती वळली आणि रागाने म्हणाली, 'इट वॉज लाइंग.' ती फलकाच्याही पलीकडे उभी होती.

मामा अगदी लाडात आल्यासारखे म्हणाले, 'राणी, तिथेच उभी राहा. तुझा फोटो काढतोय. हललीस तर बिघडेल हं.' मग कॅमेरा माझ्या हातात देऊन हळू आवाजात, 'बटण दाबत राहा. आवाज थांबला की ती पळत येईल.' मी जातो म्हणालो. 'तुमचे पाय मोठे आहेत,' म्हणाले आणि बूट काढू लागले.

तिच्या इवल्या ठशांत चवडे ठेवत मामा निघाले. 'मान थोडी वर. हां. आता हास बरं,' असं स्टुडिओतल्या फोटोग्राफरसारखं बोलत होते. मी कॅमेऱ्याला डोळा लावून बटण दाबत होतो. गार वारा होता, तरी मामांचा सदरा पाठीवर भिजत गेलेला मला दिसत होता. एका ठशापाशी ते थांबले, पाय उचलून धरला, पुन्हा टेकवला. त्या वेळी मी डोळे मिटले.

तिला पाठुंगळी घेऊन ते जागच्या जागी वळले, आणि आता त्यांचा चेहरा लेन्समध्ये आला. ती त्यांच्या टकलावर हनुवटी टेकून खिदळत होती. तिला चेहरा दिसत नसल्यामुळे मामांना हसायची गरज उरली नव्हती. ओठ पांढरे पडले होते आणि हलत होते, मंत्र होता की शिव्या कळेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

चाकोरीतून गाडीपाशी येताच त्यांनी तिला आत बसवलं, दार लावलं, गाडीच्या मागे गेले आणि मातीत फतकल मारून बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, 'ते फोटो पुसून टाका. पोरीने बघायला नकोत.'

'मामा, तिथे खरंच काही असेल?'

'नसेल,' ते म्हणाले. 'नसणारच.'

मामा आता साताऱ्याला असतात. लेक पंधरा वर्षांची आहे. सुटीत सगळे जमले की मामांच्या भित्रेपणाचे किस्से निघतात, मामी रंगवून सांगतात, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळते. माझी लेक तेवढी चिडते. 'तुम्हाला कुणालाच माहीत नाही. ही इज नॉट स्केअर्ड ऑफ एनिथिंग,' असं ठणकावून सांगते आणि मामा खाली बघून सुपारी कातरत राहतात. त्या दिवशीचे सगळे फोटो मी पुसले, मामांच्या त्या चेहऱ्याचा एक पुसायला माझं बोट धजलं नाही. तिला स्वतःला मूल झालं की तो तिच्या हातात देणार आहे.