चुलीचा घास

हिराजीला बोटीवरून उतरवलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या धोतरात गुंडाळलेले होते. भर दुपार होती. ओहोटीमुळे बोट धक्क्याला लागेना, म्हणून चौघा खलाशांनी त्याला गुडघाभर चिखलातून उचलून पनवेल बंदरावर आणलं. तो ओरडत नव्हता. "कालवण व्हाचा हाय अजून," एवढंच पुन्हापुन्हा सांगत होता.

मी वर्कशॉपमधून धावत खाली गेलो. हिराजीचा मोठा भाऊ पोशा हा बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. त्याला मी विचारलं, "स्टो पूर्ण विझवल्याशिवाय स्पिरिट ओतलं का?"

 "आदी गाडी बघ," पोशा म्हणाला. "मंग इचार."

स्टो मी बनवलेला होता. म्हणून तोच प्रश्न आधी तोंडातून निघाला. त्याची मला आजही लाज वाटते.

ही गोष्ट साठ सालच्या आगेमागची. पनवेलला एका लहान वर्कशॉपमध्ये मी टेक्निकल असिस्टंट होतो. शिडाच्या मच्छीमार बोटींना डिझेल इंजिन बसवणं हे आमचं काम. मी मूळचा कामोठ्याचा. बाप मिठागरात मीठ ओढायचा; त्याच्या पायांच्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. विषय केमिस्ट्री. हे मी अजूनही अभिमानाने सांगतो. तेव्हा तर कोणी विचारलं नाही तरी सांगायचो.

बोटीवर स्वयंपाक व्हायचा तो लाकडाच्या चुलीवर. पत्र्याचा डबा आतून मातीने लिंपायचा आणि त्यात चूल मांडायची. शिडाच्या बोटीवर ते चालून जायचं. इंजिन आलं तशा त्याच फळ्यांवर तेलाने भिजलेल्या चिंध्या आल्या, डिझेलचे डबे आले. एका बोटीवर चुलीची ठिणगी चिंध्यांवर पडली. आग वेळीच विझली, पण आमचे चीफ कर्णिकसाहेब हादरले.

"चुलीला पर्याय काढ," ते मला म्हणाले. "केमिस्ट्रीवाला ना तू?"

पर्याय दोन होते. एक, रॉकेलचा पंपाचा स्टो. त्यात रॉकेल दाबाखाली असतं. बोट डोलून तो आडवा झाला तर पेटतं रॉकेल फळ्यांवर पसरणार. वर पाणी मारावं तर रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे आग आणखी लांब जाणार. दुसरा पर्याय स्पिरिट. ते पाण्यात मिसळतं. भरपूर पाणी ओतलं की आग विझते. चारी बाजूंना पाणीच असलेल्या माणसांना याहून सोयीचं काय असणार?

दवाखान्यात सुया उकळायला स्पिरिटचा छोटा स्टो असायचा. त्याच धर्तीवर मी एका तांबटाकडून मोठा घडवून घेतला. पितळेची वाटी, आत अ‍ॅस्बेस्टॉसचा कापूस ठासलेला, वर तारेची जाळी. कापूस स्पिरिट शोषून धरतो, त्यामुळे स्टो कलंडला तरी सांडत नाही. भांडं सरकू नये म्हणून भोवती कठडा. विझवायला घट्ट बसणारं झाकण. ते घातलं की हवा तुटते आणि ज्योत मरते.

नियम एकच, पण कडक. पुन्हा स्पिरिट भरायच्या आधी झाकण घालायचं. एक पान चघळून होईपर्यंत थांबायचं. झाकण काढून ज्योत नाही हे डोळ्यांनी बघायचं. मगच ओतायचं. कारण जळत्या वाटीत ओतलं तर ज्योत धारेवरून वर चढते आणि हातातल्या डब्यात शिरते.

डेमॉन्स्ट्रेशन वर्कशॉपच्या स्टोअररूममध्ये दिलं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद केल्या होत्या. करंजा बंदराचे चार तांडेल मांडी घालून बसले होते.

"डागदरचा दिवा आनलास व्हय?" पोशा म्हणाला. "भाताला सुई टोचाची हाय काय?"

"आनी दारूबंदीन स्पिरीट?" दुसरा म्हणाला. "भात खाऊन आमी झिंगू ना सायेब!"

"प्यायलात तर डोळे जातील," मी म्हणालो. "परमिटचं स्पिरिट आहे."

सगळे हसले. त्या अंधाऱ्या खोलीत निळी ज्योत झकास दिसत होती. मी झाकण घातलं, काढलं, ज्योत गेलेली दाखवली. चौघांनी चार स्टो नेले.

दोन महिन्यांनी मी करंज्याला तपासणीला गेलो. पोशाच्या बोटीवर स्वयंपाक हिराजीकडे होता. पाठीच्या दुखण्याने त्याला जाळं ओढवत नव्हतं, पण फाटलं जाळं विणायला त्याच्यासारखा हात बंदरात दुसरा नव्हता. स्टो त्याने केबिनबाहेर उघड्यावर मांडला होता. आत वास डोळ्यांना झोंबायचा म्हणे. पितळ चकचकीत घासलेलं. फक्त जाळीवर आणि वाटीच्या काठावर जळून काळी झालेली शितं चिकटली होती.

"हे काय हिराजी? भात उतू जातो का?"

"नाय सायेब," तो जरा लाजून हसला. "तो तिचा."

'तिचा' म्हणजे कोणाचा, हे मी विचारलं नाही. घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: 'स्टोवर खरकटे. स्वच्छता ठेवण्यास सांगितले.'

त्यानंतर महिन्याभरात पोशाची बोट इंजिन दाखवायला आमच्याकडे येत होती आणि खाडीतच हा अपघात झाला.

हिराजीला दवाखान्यात पोचवल्यावर मी स्टो वर्कबेंचवर घेतला. झाकण बसवून पाहिलं. एका बाजूला नखाएवढी फट राहत होती. काठावर दोन शितं जळून खड्यासारखी कडक झाली होती. मी स्टो पेटवला, झाकण घातलं आणि बाहेर अंगणात उन्हात नेऊन ठेवला. पान खाल्लं. झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. निदान मला दिसलं नाही. कागदाची सुरळी जाळीजवळ नेली तर ती भप्पकन पेटली.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. माझा स्टो मात्र मी एकदाही उन्हात पेटवून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. जीव वाचेल, बोटांचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हिराजीचे हात उशीवर ठेवले होते. पोशा भिंतीला टेकून उभा होता.

"झाकण घातलं होतंस?" मी विचारलं.

"घातला. भात झाला, कालवणाला स्पिरीट नवता, म्हनून घातला."

"थांबलास?"

"पान संपला. थुकलू. मंग झाकण काडला. इस्तव नवता सायेब, देवाशपथ नवता."

"आणि ती भाताची शितं?"

हिराजीने भावाकडे बघितलं. उत्तर पोशाने दिलं. "भात उतरला का पयला घास चुलीला. शिजवते ती, तिला नको? सायेब, तुजे घरान नाय घालीत?"

आमच्या घरात घालायचे. रोज. बाप जेवायला बसायच्या आधी आई पहिला घास विस्तवावर ठेवायची. लाकडाच्या चुलीत त्याची राख होऊन जायची, कोणाला काही त्रास नव्हता. माझ्या स्टोच्या वाटीत मात्र तो पचवायला जागाच नव्हती. मी चार वर्षं होस्टेलच्या मेसमध्ये जेवलो. तिथे थेट ताट समोर येतं, चूल दिसत नाही.

"माजा चुकला काय?" हिराजीने विचारलं.

"नाही."

"मंग कोनाचा?"



कर्णिकसाहेबांना रिपोर्ट त्याच संध्याकाळी हवा होता. "कारण लिही: वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा. सूचना दिल्या होत्या ना?"

"दिल्या होत्या. त्याने सगळ्या पाळल्या."

"मग आग काय आपोआप लागली?"

साहेबांचा शेरा एकदा लागला की हिराजीला कुठलीच इंजिनबोट पुन्हा घेणार नव्हती. तसं नाही लिहिलं तर उरत होतो मी. मी बसून लिहिलं. झाकणाखाली शितं अडकली, फट राहिली, ज्योत उन्हात दिसली नाही. चुलीला घास देण्याची चाल डिझाइन करताना विचारात घेतली नाही. तपासणीत शितं दिसूनही चौकशी केली नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "चुलीचा घास? टेक्निकल रिपोर्टमध्ये?"

"झाकणाखाली तोच होता, साहेब."

"शेवटचं वाक्य काढ. त्यात तू अडकतोस."

"राहू दे."

दोन दिवसांनी त्यांनी सही केली. चारही स्टो परत मागवले. मला काढलं नाही, पण डिझाइनचं काम काढून घेतलं आणि नटबोल्टच्या स्टोअरवर बसवलं. तिथे बसून मी नवा नकाशा काढला. वाटीच्या बाहेर, आचेलगत, घासासाठी लोखंडाची छोटी ताटली. एक नमुना करून पोशाला नेऊन दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला.

"बरा केलास," तो म्हणाला. "पन आता नको."

त्याच्या बोटीवर परत मातीची चूल आली होती. शेजारी झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता, आणि तेलाच्या सगळ्या चिंध्या त्यात कोंबलेल्या होत्या. म्हणजे पहिल्या दिवशी मी झाकणाचा एक डबा दिला असता तर काम झालं असतं. त्याला बी.एस्सी. लागत नव्हतं.

हिराजी वाचला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची, आणि जाळं विणणं सुटलं. पुढे एकदा त्याच्या घरी गेलो तेव्हा बायको त्याला भरवायला बसली होती. तिने घास उचलला तसं त्याने तोंड फिरवलं.

"आदी तिला दे," तो म्हणाला.

बायको उठली, विस्तवावर घास ठेवून आली आणि मग त्याला भरवू लागली.

पुढे डिझाइनचं काम मला परत मिळालं. कुठल्याही बोटीवर काही बसवायच्या आधी मी तिथे एकदा जेवून येऊ लागलो. पहिला घास कुठे जातो ते बघायचं, आणि मग पेन्सिल उचलायची.