इंडक्शनचं पातेलं

इंडक्शन शेगडी बंद पडल्याचं मायनं मला तीन दिवस सांगितलंच नाही. चौथ्या दिवशी कचेरीतून आले तर तिच्या ताटलीत सकाळची अर्धी भाकरी तशीच, बाजूला तेल-चटणी, आणि चहाचा कप कोरडा ठणठणीत. मी विचारलं, "चहा नाही केलास?"

"ते तुझं यंत्र लागंना झालंय बाई," ती म्हणाली. "टीं टीं करतंय अन् मुकं होतंय."

खांद्यावरची पिशवी न उतरवताच मी यंत्राकडं गेले. त्यावर आमचं गावाकडचं जुनं स्टीलचं पातेलं होतं. बटण दाबलं. तीनदा वाजलं, काचेवर एक इंग्रजी अक्षर आणि शून्य उमटलं आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. घेऊन वर्षही झालं नव्हतं. माझं डोकं तापलं. त्या स्वयंपाकघरात तेवढंच काय ते तापत होतं.

हे यंत्र मी हौसेनं आणलेलं नव्हतं. मायच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर करायचं ठरलं होतं. गावी, उदगीर तालुक्यात, भावाच्या घरी चूल. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरापुढं बसायचं नाही. म्हणून मी तिला लातूरला माझ्या दोन खोल्यांत आणलं. इथं गॅस होता, पण पहिल्याच आठवड्यात तिनं बटण सोडलं आणि काडी शोधत बसली. खोलीभर वास कोंडला. तेव्हापासून कचेरीत जाताना मी सिलिंडर बंद करून जायची, आणि दिवसाच्या चहा-दुधासाठी ही शेगडी आणली. जाळ नाही, धूर नाही, एकच बटण. ती चालली तर माय राहणार आणि दुसरा डोळा होणार. नाही चालली तर माय परत चुलीपुढं. मायला शहरात करमत नव्हतंच. ती निमित्त शोधत होती, आणि निमित्त मीच दुकानातून खोक्यात घालून आणलं होतं.

ते वर्ष पाण्याचं होतं, म्हणजे पाणी नसल्याचं. नळाला आधी आठ दिवसांनी पाणी यायचं, मग पंधरा दिवसांनी, मग नळाचं नावच कुणी काढेना. टँकर यायचा. पुढं रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक फोन करून "खरंच का हो?" असं विचारायचे, जसं काही आम्ही गमतीनं तसं सांगत होतो. टँकर आला की हंडे, कळशा, बादल्या भरायच्या, त्या भरल्या की कुकर, पिठाचा रिकामा डबा, तांबे, पेले. या कामात माय आमच्या सगळ्या गल्लीला भारी होती. एका डोळ्यानं तिला वर्तमानपत्रातलं मथळ्याचं अक्षर दिसत नसे, पण रिकामं भांडं शेजारणीच्या घरातलंसुद्धा दिसायचं.

शेगडी घेऊन मी कोपऱ्यावरच्या चाचांकडं गेले. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणारं त्यांचं घराणं. त्यांच्या वडिलांनी याच दुकानात रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांनी शेगडी लावली, स्वतःच्या चहाचं भांडं तिच्यावर ठेवलं. दोन मिनिटांत पाणी खळाखळा उकळायला लागलं.

"चालून राहिली की ताई," ते म्हणाले.

मी शेगडी काखेत मारून घरी आले, लावली, पातेलं ठेवलं. टीं टीं टीं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचांकडं. तिथं पुन्हा ती शहाण्या मुलीसारखी चालली. चाचांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "मशीनमधी नुक्स न्हाई ताई. नुक्स घरात हाय."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणाले आणि त्यांच्याकडं जाणं सोडलं. तरी घरातलं अंगण तपासून पाहावं म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, प्लगची जागा बदलली, भिंतीला एक नवं भोक पाडलं. शेगडी तीनदा वाजून विझली. व्होल्टेज कमी असेल, असं सांगून तो गेला. व्होल्टेज कमी असेलही. त्या उन्हाळ्यात कुठली गोष्ट पुरेशी होती?

यंत्र चांगलं, वायरिंग चांगली. मग उरलं कोण? घरात दोनच माणसं, त्यातलं एक दिवसभर कचेरीत.

"तू काय दाबतेस नेमकं?" मी मायला विचारलं. "ओल्या हातानं लावतेस का?"

"हात वल्ला करायला पानी कुठंय बाई."

हे उत्तर ऐकून हसायला हवं होतं. मी हसले नाही. कचेरीत साहेब, गल्लीत टँकर, घरात हे. मला सगळ्यांचा राग एकदम आला आणि समोर एकच माणूस होतं. मी म्हणाले, "एक काम कर. आता तू त्याला हातच लावू नको."

"बरं," माय म्हणाली. तिचं 'बरं' नेहमीसारखंच होतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

त्याच आठवड्यात मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नांदेडला जायचं होतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिथं होतं. मायच्या जेवणाचं शेजारणीला सांगून मी शेगडी चादरीत गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली आणि अहमदपूर, लोहा करत निघाले. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळ हाय का?" मी चादर उघडून दाखवली. त्यानंतर नांदेडपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणानं शेगडी लावून बघितली. चालली. अर्थात चालली. मी म्हणाले, "इथं चालते हो, घरी चालत नाही." त्यानं माझ्याकडं जशी नजर टाकली तशी लोक आपल्या तब्येतीचं उगाच रडगाणं गाणाऱ्याकडं टाकतात. मी काउंटरवर बसूनच राहिले. शेवटी तो म्हणाला, "तुमच्या समाधानासाठी आतली कॉइल बदलून देतो, म्याडम." बदलून दिली. माझं समाधान लातूरच्या घरी पोचेपर्यंत टिकलं.

पातेलं ठेवलं, बटण दाबलं, टीं टीं टीं. मी त्या काचेवर थाप मारली. मोठ्यानं मारली, हात झणझणला. मला रडू येत होतं आणि रडण्याचं कारण एक शेगडी आहे याची लाजही वाटत होती.

माय दारातून बघत होती. म्हणाली, "मी जाते गावाकडं. पुनवंची खीर करते अन् जाते. तुझा भाऊ घ्यायला येतो म्हनला."

वैशाखी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. दरवर्षी बुद्धवंदना झाली की ती खीर करून गल्लीत वाटायची, ते तिचं चुकायचं नाही.

"आणि डोळा?"

"एक हाय की." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "उदगीर जिल्हा होनार म्हनत्यात. झाला की तुझं हापिस तिकडंच येईल. मंग तूच ये."

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी पहिलीत होते. गुरुजींनी शाळेत गूळ-शेंगदाणे वाटले होते आणि आता सगळं बदलणार म्हणून सांगितलं होतं. कचेऱ्या आल्या, त्यातल्याच एका कचेरीत मला नोकरी लागली, हे खरं. पण पाणी काही कुठल्या शासन निर्णयानं आलं नाही. आता उदगीरचा नंबर. दर निवडणुकीला तो जिल्हा होतो आणि दर निवडणुकीनंतर पुन्हा तालुका होतो. माय त्या भरवशावर डोळा सोडायला निघाली होती.

रविवारी मी नाक मुठीत धरून चाचांच्या दुकानात गेले. म्हणाले, "चाचा, तुम्ही म्हणालात नुक्स घरात आहे. मग घरी येऊन दाखवा."

ते आले. स्वयंपाकघरात उभे राहिले, पण शेगडीकडं बघितलंच नाही. मायला विचारलं, "अम्मा, कशात करता चहा?"

मायनं जुनं पातेलं पुढं केलं. चाचांनी खिशातून जुन्या स्पीकरचं गोल चुंबक काढलं आणि पातेल्याच्या तळाला लावलं. चुंबक खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. ते मान हलवत ओट्याखालच्या भांड्यांकडं वळले.

"सांडू नका बरं का," माय म्हणाली. "समद्यात पानी हाय."

भरलेल्या कुकरला, डब्याला, एकेका भांड्याला ते बाहेरून चुंबक लावत गेले. कोपऱ्यात पाटावर, पांढऱ्या फडक्याखाली, पिण्याच्या पाण्याचं पातेलं होतं. फडकं वर करून त्यांनी तळाशी चुंबक नेलं. टक्. चुंबक चिकटलं ते सुटेना.

"हे मशीनसोबत आलेलं ना?"

हो. दुकानदारानं शेगडीबरोबर दिलेलं, जाड तळाचं, घट्ट झाकणाचं पातेलं. सुरुवातीला माय त्यातच चहा करायची. मग पाणी पंधरा दिवसांवर गेलं आणि घरातल्या सगळ्यांत चांगल्या झाकणाचं भांडं तिनं पिण्याच्या पाण्याला दिलं. धूळ नाही, मुंगी नाही. शेगडीवर गावाकडचं जुनं आलं. स्टीलच्या जागी स्टील. दुष्काळातली कुठलीही शहाणी बाई हेच करेल. आणि मी संध्याकाळचा स्वयंपाक गॅसवर करायची, तिथं कुठलंही पातेलं चालत होतं.

"समदं स्टील सारखं नसतंय ताई," चाचा म्हणाले. "चुंबक धरतंय तेच तापतंय. मशीनला भांडं कळलंच न्हाई, तर ते काय करंल?"

"मग हे रिकामं कर," मी मायला म्हणाले.

मायनं झाकणावर हात ठेवला. "ह्यातलं पानी कुठं वतू?"

क्षणभर मीही घरभर नजर फिरवली. एकही भांडं रिकामं नव्हतं. चाचांनी ओट्यावरच्या जुन्या पातेल्यावर बोटानं टिचकी मारली. "ह्यात वता की अम्मा."

"त्याचं झाकन नीट बसत न्हाई."

चाचांनी त्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर वरवंटा. झालं. वायरमन, भिंतीतलं भोक, नांदेड, कॉइल, सगळ्याचा निकाल एका ताटलीनं लागला. काखेत कळसा अन् गावाला वळसा. माझ्या बाबतीत तर वळसा पार गोदावरीपर्यंत गेला होता.

चाचांनी जाड तळाच्या पातेल्यात चहाचं पाणी ठेवून स्वतःच बटण दाबलं, आणि शेगडी चालली. चाचा चहा घेऊन गेल्यावर मी मायवर उखडले. "तू बोलली का नाहीस, की पातेलं बदललंय म्हणून?"

"तू कव्हा इचारलंस? काय दाबलं ते इचारलंस. वल्ल्या हातानं लावती का इचारलंस. कशात करती ते न्हाई इचारलंस."

मी म्हणाले, "आता चालतंय ना? मग राहा." ती म्हणाली, "बघू."

पौर्णिमेला मी अर्धी रजा टाकली. दुपारी घरी आले तर भाऊ येऊन बसला होता, मायची पिशवी भरून दाराशी. स्वयंपाकघरात शेगडीवर जाड तळाच्या पातेल्यात दूध, शेजारी धुतलेले तांदूळ, साखर, वेलची. शेगडी बंद. माय समोर पाटावर बसलेली.

"अगं, लावायचं ना. केव्हाची बसलीस?"

"तू यायची वाट बघून राहिले," ती म्हणाली. "तूच म्हनलीस, हात लावू नको."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते. ती मला वेळ सांगावी तसं सांगत होती. मी रविवारपासूनचे दिवस मोजले. सकाळी मी चहा देऊन जायची, संध्याकाळी येऊन करायची. मधल्या वेळात ती करून घेत असेल असं मी धरून चालले होते. शेगडीची काच बघितली. रविवारी चाचांच्या बोटाचा उमटलेला डाग तसाच होता.

भाऊ म्हणाला, "मला वाटलं लाईट न्हाई."

मी खाली बसले. "माय, माझं चुकलं. रागात बोलले मी. ते तुझं आहे, तुझ्यासाठीच आणलंय." मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. तिनं ते उचललं, पदराला पुसलं, ओलं नव्हतं तरी पुसलं, आणि मग दाबलं. यंत्र घुर्र करत चालू झालं. दूध वर आलं तेव्हा तिनंच कमी केलं.

खीर वाटून झाल्यावर तिनं भावाला सांगितलं, "तू जा. डोळा झाला की येते." भरलेली पिशवी तिनं स्वतः रिकामी केली.

दुसरा डोळा दिवाळीच्या आधी झाला. आता तिला वर्तमानपत्रातलं बारीक अक्षरही दिसतं. उदगीर अजून तालुकाच आहे. माय माझ्याकडंच आहे आणि ती शेगडीही. फक्त बटण दाबायच्या आधी ती हात मागं घेते आणि विचारते, "लावू का गं?" मी आतल्या खोलीत असले तर मोठ्यानं, कचेरीत असले तर फोन करून. सुरुवातीला मला चीड यायची. किती वेळा सांगायचं या बाईला. आता साहेब समोर असले तरी मी फोन घेते आणि म्हणते, "लाव, माय."