दातांवर टेकलेला मोरचंग

चेन्नईच्या मैलापुरातल्या गुरुमूर्तींना कोणी "हातात काय ते?" असं विचारायचा अवकाश, की त्यांची यादी सुरू व्हायची. तमिळांचं मोर्सिंग, आपल्या तंजावरी घरातला मोरचंग, आसामात बांबूची गगना, इंग्रजांचं ज्यूज हार्प. बँकेत कारकुनी केली तेव्हा मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ही नावं पाठ झाली होती. लोखंडाचं मुठीत मावणारं वाद्य, आणि कौतुक केवढं! मात्र तो वाजतो कसा, हे घरात कोणी कधी विचारलं नाही आणि या भल्या माणसानंही सांगितलं नाही.

बहात्तराव्या वर्षी पुढचे दोन दात हलू लागले. मुलगी संयुक्ता मोठी जीव लावणारी. रजा टाकून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही काढू, कवळी बसवू. मोरचंग टेकतो तो नेमका त्याच दातांवर. आणि मार्गळी महिन्यातल्या संगीतोत्सवातली कच्चेरी, म्हणजे मैफल, तीन आठवड्यांवर आली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एका मोठ्या संगीतसभेनं बोलावलं होतं.

"आत्तां नको. कच्चेरी होऊं दे," गुरुमूर्ती म्हणाले.

"पू झाला तर, अप्पा? वाजवाला बोट अहे की! दातांचं काय काम?"

ही मुलगी लहानपणापासून त्यांच्या कच्चेऱ्यांना पहिल्या रांगेत बसत आली होती. गुरुमूर्तींना ते इतकं लागलं की पुढे बोलवेना. एका वाक्यात भागलं असतं. पण ते रुसले, आणि तोंड उघडलं ते दात काढून घ्यायला, डॉक्टरांपुढेच.

कच्चेरीत मृदंगानंतर त्यांची पाळी आली. त्यांनी बोटानं पाती छेडली. कवळी खटखटली, नाद काही उमटला नाही. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. मृदंगवाले राममूर्ती जुने सोबती. त्यांनी मान खाली घालून ती पाळीही स्वतःच वाजवून टाकली. गुरुमूर्ती शेवटपर्यंत मोरचंग तोंडाशी धरून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना.

परतताना ऑटोत संयुक्ता संतापली होती.

"मज तुमचं कांहींच ऐकूं आलं नाहीं, अप्पा. माइक बंद होता का?"

आता तरी सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता.

"हो, अम्मा," ते लेकीला लाडानं म्हणाले. "माइकच बंद होता."

"सेरी, बरं. पुढल्या वर्षीं मी अगोदर जाऊन बघतें."