तिथी झाली की ऑपरेशन

धाकट्या भावाच्या हृदयाची झडप सडली होती. हा माझा शब्द; डॉक्टर 'जंतुसंसर्ग' म्हणायचे. अंगात मुरलेल्या तापावर निफाडला सलाईन लावून घेत त्याने द्राक्षबाग सांभाळली आणि धाप लागली तेव्हा कुठे नाशकात माझ्याकडे आला. सर्जननी पडद्यावर दाखवलं. झडपेला चिकटलेला जंतूंचा गोळा प्रत्येक ठोक्याला हेलकावे खात होता. "औषध चालूच आहे, पण हा तुटला तर मेंदूत जाऊ शकतो. झडप लगेच बदलायला हवी."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. पण पितृपक्ष लागला होता.

भेटायला आलेले चुलते खाटेवर टेकत म्हणाले, "पित्रात शुभकाम करीत नाय. घट बसू द्या, मग खुशाल करा."

"शुभकाम? लग्न लावतोय का त्याचं?" मी ओरडले. नर्सने डोळे वटारले.

भाऊ त्यांच्याच बाजूने. "ताई, परवा आबांची तिथी हे. पिंड मलाच द्यायला पाहिजे ना? तेवढं झालं की झोपतो टेबलावर."

"मी देते पिंड."

"लेक कशी देईल?" चुलत्यांनी विषय संपवला.

भाऊ स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निफाडला घरी गेला. मीही गेले, करते काय! चुलीपुढे बसून रागारागाने खीर ढवळली.

तिथीला दर्भ बोटात घालून तो पाणी सोडत होता आणि हातातली पळी गळून पडली. "उपाशी हे, चक्कर आली आसल," चुलते म्हणाले. मला त्याचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. वाढलेली पानं तशीच टाकून मी गाडी काढायला लावली.

ऑपरेशन झालं, पण मेंदू जरा सावरेपर्यंत थांबून. नवी झडप उत्तम चालते, डॉक्टर खूश आहेत. पितरांच्या कृपेने वाचला, असं चुलते गावभर सांगतात. माझं डोकं फिरतं. आबा असते तर त्यांनी काठी घेऊन त्याला त्या टेबलावर झोपवलं असतं.

माझ्या प्रत्येक वाक्याला जन्मभर फाटे फोडणारा हा माझा भाऊ. आता त्याला शब्द सापडत नाहीत. मी काहीही म्हटलं तरी मुकाट मान डोलावतो. परवा मुद्दाम म्हणाले, "बाग विकून टाकू या." तरी डोलावली.

"अरे, भांड ना माझ्याशी!" मी खेकसले.

त्याने पुन्हा मान डोलावली.